काठोकाठ कप आणि श्रीपादअण्णांची कॉफी

किस्से हे स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा कोंबल्या जातात आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या वाचनकट्ट्याचं तसंच आहे. जमतो पुस्तकांसाठी, घरी जातो किस्से घेऊन. या उन्हाळ्यात तर पुस्तकं बाजूलाच राहिली. सगळे किस्से एकाच चॅलेंजचे.

कट्टा भरतो बेंगळुरूत, बनशंकरीला, श्रीपादअण्णा आणि वसुधाअक्कांच्या हॉलमध्ये, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी. निम्मी मंडळी इथलीच, सरकारी कारखान्यांत इंजिनियर म्हणून आलेल्यांच्या घरांतली. मराठीत बोलता बोलता 'थोडं'ऐवजी कन्नड 'स्वल्प सरका हो' म्हणणारी. उरलेले माझ्यासारखे, नागपूर-पुण्याहून आयटीत आलेले. आम्ही सर्जापूर रोडहून येतो. त्या प्रवासाला इतका वेळ लागतो की न वाचलेलं पुस्तक वाटेत वाचून होतं!

कट्ट्याचा नियम एकच. कॉफी अण्णा देणार. स्टीलचा पेला, खाली खोलगट वाटी, आणि ट्रे घेऊन अण्णा स्वतः प्रत्येकासमोर वाकणार. मदतीला कुणी उठलं तर "बसा, तुमच्या हातची कॉफी प्यायला मी तुमच्या घरी येईन" असं ऐकवणार.

मग अण्णांना कंपवात झाला. उजवा हात थरथरायला लागला. तरी ट्रे सोडला नाही. एका रविवारी पेला कलंडला आणि नव्यानेच आलेल्या एका मुलीच्या कुर्त्यावर कॉफी सांडली. ती बिचारी चांगली होती. "इट्स ओके, इट्स ओके" म्हणाली. पण इतक्या वेळा म्हणाली की काहीतरी फार मोठं झालंय असं सगळ्यांनाच वाटायला लागलं.

पुढच्या कट्ट्यापासून अण्णा आतल्या खोलीत. दार लोटलेलं. "हे जरा कामात आहेत," अक्का सांगायच्या आणि कागदी कपांतून कॉफी द्यायच्या. रिटायर्ड माणसाला रविवारी सकाळी कसलं काम असतं, हे कुणी विचारलं नाही.

आणि नेमकं त्यातच ते चॅलेंज आलं.

*

कुठल्या देशातून आलं कोण जाणे. कप काठोकाठ भरायचा, हातात धरून खोलीभर चालायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी तुमचं कोपर हलवत राहायचं. जे सांडेल ते सांडेल. व्हिडिओ टाकायचा, कंपवाताच्या रुग्णांसाठी मदत करायची आणि तिघांना टॅग करायचं. आमच्याकडे त्याचं नाव पडलं 'काठोकाठ'.

कट्ट्यात ते आणलं अनिकेतने. अनिकेत पुण्याचा, माझ्याच सोसायटीत राहतो, उत्साहाने कायम उकळत असतो. त्याने गच्चीवर व्हिडिओ केला. मावळता सूर्य, मागे संगीत, स्लो मोशनमध्ये हवेत उडणारे चहाचे थेंब! कोपर हलवायला खास एक मित्र बोलावला होता. लोकांनी डोक्यावर घेतला.

मी विचारलं, "मदतीची लिंक कुठाय?"

त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"लिंक राहिली गं. पण रीच बघ ना!"

*

आमच्या ऑफिसात एचआरची मेल आली. 'सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. सर्वांनी चार वाजता पॅन्ट्रीत यावे.'

सगळे ऐच्छिकपणे चार वाजता हजर. कुणी कॉफी सांडली, कुणी ताक. मॅनेजरने ग्रीन टी सांडला आणि तीनही वरिष्ठांना टॅग केलं; अप्रेझल जवळ होतं. फरशी इतकी ओली झाली की कुणीतरी 'सावकाश, फरशी ओली आहे' असा पिवळा बोर्ड मधोमध आणून ठेवला. तो प्रत्येक व्हिडिओत आला.

संध्याकाळी मी टीममध्ये सहज विचारलं, "हे सगळं कुठल्या आजारासाठी होतं?"

एक म्हणाला अल्झायमर. एक म्हणाला ऑर्थोपेडिक काहीतरी. तिसरा मात्र आत्मविश्वासाने म्हणाला, "स्लिप होण्याविषयी होतं ना? बोर्ड नाही पाहिलास?"

मी त्या रात्री पोस्ट लिहिली. लांबलचक. दुसऱ्याचं दुखणं हा तुमचा कंटेंट नाही, असं तिचं पहिलंच वाक्य होतं. 'आमच्या ओळखीतले एक ज्येष्ठ गृहस्थ' असा अण्णांचा उल्लेखही होता. खूप लोकांनी शेअर केली. तिच्याखाली दोन तट पडले. एका बाजूचे म्हणत, थट्टा चाललीय. दुसऱ्या बाजूचे म्हणत, या चॅलेंजआधी हा आजार कुणाच्या तोंडी तरी होता का? आणि एक गृहस्थ दोन्ही बाजूंना गणपतीचे फोटो पाठवत होते.

*

सोसायटीतला प्रकार वेगळाच. उन्हाळा, बोअरवेल कोरडी, टँकर कधी येईल याची खात्री नाही. आणि मुलांनी क्लबहाऊसमध्ये सामूहिक काठोकाठ ठरवलं! असोसिएशनच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. एकाने लिहिलं, "आमच्या नळाला पाणी नाही आणि तुम्ही परोपकार सांडताय?"

शेवटी तोडगा निघाला. कपात पाणी भरायचं नाही, रवा भरायचा. खाली वर्तमानपत्र.

झालं, सगळ्यांनी रवा सांडला. मग तो गोळा करून उपमा केला आणि तिथेच खाल्ला. शेजारच्या आजींचं मत पडलं, "इतकी समाजसेवा झाली, पण रवा चाळलाच नव्हता!"

*

कट्ट्यात पुस्तकांना कव्हर घालायची अक्कांची पद्धत आहे. त्यासाठी कापड आणायला मी आणि अक्का चिकपेटला गेलो. नेहमीचा दुकानदार. आम्ही शिरलो तर हा मोबाईलवर पुतण्याचा व्हिडिओ बघत बसलेला.

"बन्नी अक्का, या या! हे बघा. कप सांडला तर एवढे लाईक. उद्या माझ्या रेशमावर सांडेल, मग बघतो!" तो आमच्याशी हिंदी, कन्नड आणि स्वतःची अशी एक मराठी मिसळून बोलतो. "पण अक्का, हा आजार खरंच असतो की मोबाईलमधलाच आहे?"

मला बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण अक्का कापडावरून हात फिरवत शांतपणे म्हणाल्या, "असतो. आमच्या ह्यांना आहे."

त्याने मोबाईल उलटा ठेवला. "अय्यो. औषध नाही त्याला?"

"हात थरथरतो, त्यासाठी गोळी आहे. चार माणसांत थरथरतो, त्यासाठी नाही."

दुकानदाराने दोन स्टुलं पुढे सरकवली. मग आमच्यासाठी चहा सांगितला, आणि म्हणाला, "त्यांना घेऊन या इथे. या गर्दीत धक्के खाऊन सगळ्यांचाच चहा सांडतो. कळायचंसुद्धा नाही."

परतताना मेट्रोत अक्का आपण होऊन बोलल्या. "दिवसभर तेच व्हिडिओ बघत असतात गं. एकेक दोन-दोनदा."

"चिडतात का?"

"चिडले असते तर बरं झालं असतं. काही बोलतच नाहीत. मला एवढंच हवंय, मृणाल. एकदा त्या दाराच्या बाहेर येऊन बसावं. कॉफी नको, काही नको. नुसतं बसावं."

*

पुढचा कट्टा. हातात पुस्तकं होती, विषय काठोकाठ. सगळे हळू आवाजात भांडत होते. आतलं दार लोटलेलं होतं ना! हळू आवाजात भांडणं फार अवघड असतं. मला तर जमतच नाही.

मी म्हटलं, "खरी मदत करणारा कप कशाला सांडेल? गुपचूप करेल की."

"गुपचूप केली असतीस?" अनिकेतने विचारलं. "मी लिंक विसरलो, मान्य. पण दुसऱ्या दिवशी टाकली. रुग्णांना मदत करणाऱ्या त्या ग्रुपच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, दोन घरांतून विचारणा झाली. लपवून ठेवलेली माणसं होती, बाहेर यायला लागली. आता सांग, माझा सूर्यास्त वाया गेला का?"

मी हातातलं पुस्तक उघडलं. असं फार वेळा होत नाही.

कुलकर्णीकाका अण्णांचे कारखान्यातले जुने सोबती. ते म्हणाले, "सरी, दोघांचंही बरोबर. आमच्या काकांना हेच होतं. पण घरात शब्द नव्हता त्याला. 'काका नर्व्हस असतात' असं म्हणायचे. परवा माझी नात शाळेतून येऊन मलाच कंपवात म्हणजे काय ते सांगत होती. थट्टेतून कळलं असेल, पण कळलं."

"पण ज्यांना आहे त्यांना विचारलं का कुणी, की असं चालेल का?" मी म्हटलं.

 मग अनिकेत आतल्या दाराकडे बघत आणखी हळू म्हणाला, "म्हणूनच तर मी अण्णांना टॅग नाही केलं. मुद्दाम."

"मीपण नाही," कुलकर्णीकाका म्हणाले. "बरं दिसलं नसतं."

"नाहीच," मी म्हटलं. त्या दिवशी एवढ्या एकाच मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं. इतके समजूतदार होतो आम्ही!

आणि आतलं दार उघडलं.

*

अण्णा बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, हातात मोबाईल. हात थरथरत होता, त्यामुळे मोबाईलही. अक्का अर्धवट उठल्या.

"बस गं," अण्णा म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "ऐकू येतं मला. हात हलतो, कान शाबूत आहेत."

कुणी हसायचं की नाही, कुणालाच कळेना.

"तिघांना टॅग करायचं असतं ना? मी या कट्ट्याचे सगळे व्हिडिओ पाहिले. अनिकेत, तू ज्यांना टॅग केलंस त्यातला एक तर सहा वर्षं तुझ्याशी बोलत नाही, असं तूच सांगितलं होतंस."

"होय अण्णा."

"कुलकर्णी, तू तर नातीच्या मांजरालासुद्धा टॅग केलंस!"

"श्रीपाद, ते मांजर..."

"मला कुणीच नाही. अख्ख्या बेंगळुरूला बोलावणं गेलं. ज्याच्या नावाने जेवण, त्याच्याच घरी आमंत्रण नाही?"

 मला ते सहन होईना. मी म्हटलं, "अण्णा, मी तर व्हिडिओच केला नाही. मी याच्या विरोधात आहे."

"माहीत आहे. तू निबंध लिहिलास." त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "हे 'ओळखीतले एक ज्येष्ठ गृहस्थ', म्हणजे मीच ना?"

"हो."

"छान लिहिलंस. पण गृहस्थ काय म्हणतात ते कुठे दिसलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं." आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले.

अक्का खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. त्यांच्या हातात कागदी कपांची चळत होती. ती त्यांनी हळूच टेबलाखाली सरकवली. आत भांडी वाजली. काहीतरी पडलं. कुलकर्णीकाका उठायला गेले, तर अक्कांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते बसले.

मग तो आवाज आला. पेले वाट्यांत किणकिणत होते, न थांबता, आणि तो आवाज जवळ येत होता. अण्णा दारात. दोन्ही हातांत ट्रे. अनिकेतचा हात सवयीने खिशाकडे गेला. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर पसरला.

अण्णा आधी त्याच्याचसमोर वाकले.

"तुझ्या व्हिडिओत कोपर हलवायला माणूस ठेवला होतास ना?"

"हो अण्णा."

"मला लागत नाही. माझ्यात कंपनीनेच बसवून दिलंय!"

अनिकेत इतका जोरात हसला की त्याच्या हातातली कॉफी त्याच्याच रुमालावर सांडली.

मग कुलकर्णीकाका. त्यांच्या पेल्यात निम्मी कॉफी होती आणि उरलेली निम्मी खालच्या वाटीत. काका पेल्याकडे बघत राहिले.

"काय बघतोस? वाटी कशाला दिलीय?"

काकांनी पेला बाजूला ठेवला, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. "साखर जास्त झालीय, श्रीपाद," ते म्हणाले. 

"तुझी नेहमीच असायची."

तिसऱ्या अक्का.   पेला घेताना त्यांनी ट्रेखाली आधाराला हात धरला नाही.

मग ट्रे माझ्यासमोर आला. मी पेला उचलणार, तर अण्णा म्हणाले, "तुला नाही. माझे तिघे झाले. आता मी तुला टॅग करतोय. ऊठ, उरलेल्यांना तू वाढ."

ते माझ्या खुर्चीत बसले. मी ट्रे घेतला. सगळा कट्टा माझ्याकडे बघत होता. पहिलं पाऊल टाकलं आणि पेले किणकिणायला लागले.

"सावकाश," अण्णा मागून म्हणाले, "तुझं कोपर कुणी हलवत नाहीये!"