टाळ्या कसल्या वाजवता?

कोणाचंही काम बघून झालं की आमच्या मोठ्या सिस्टर नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, "मेलं नाय ना कोण? मग बरं हाय." त्यांच्या तोंडून निघणारं हे सगळ्यात मोठं कौतुक. अशी खाष्ट इन्चार्ज तुम्हीही कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्यात पाहिली असेल. पोलादपूरकडच्या आमच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसायचो. आमचं दोघांचं पटायचं, कारण दोघांनाही माणसांचा कंटाळा.

मग आमचे डॉक्टर कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. म्हणे, कर्मचारी थकलेत, एकमेकांचं कौतुक करा, थकवा पळेल. नर्सच्या रिकाम्या जागा कोणी भरेना. कौतुकाला मात्र मंजुरी लागत नाही! शनिवारी ओपीडी संपली की सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांची सही एक नंबर हाय." साहेब चक्क लाजले. असला पोरकटपणा मी बालवाडीतही पाहिला नव्हता.

"ह्यापेक्षा चहा पाजला असता तर बरं झालं असतं," मोठ्या सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटल्या.

आमच्याकडे पाचाडची एक तरुण सिस्टर होती. तिनं केलेल्या एका बाळंतपणात मूल मेलेलं जन्मलं. तेव्हापासून लेबर रूमच्या दारात तिला घाम फुटायचा, आणि वर डबल ड्युटी चालूच. सोमवारी राजीनामा देते, असं ती मला खिडकीशी सांगून गेली. मी गोळ्या देणारा माणूस, मी काय बोलणार?

त्या शनिवारी तिच्याबद्दल बोलायची पाळी नेमकी मोठ्या सिस्टरांवर आली.

"काहीतरी चांगलं बोला हं," डॉक्टर म्हणाले.

"चांगलं कशाला? झालं ते बोलते." त्या पोरीकडे न बघताच बोलू लागल्या. "पोर पोटातच गेलेलं. बाईचं रक्त थांबत नव्हतं. हिनं तिच्या पोटावरचा हात शेवटपर्यंत नाय काढला. हात भरून आला, तरी नाय. मी असते तर माझा सुटला असता. ती बाई आज चालती-फिरती हाय."

पोरगी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरांनी टाळ्या सुरू केल्या.

"टाळ्या कसल्या वाजवता?" मोठ्या सिस्टर खेकसल्या. "तिला झोपू द्या आधी. जा गो, घरी जा. तुझी ड्युटी मी करते."

सोमवारी राजीनामा आला नाही. डॉक्टरांनी ते श्रेय आपल्या योजनेला दिलं. देणारच.

निवृत्तीनंतर मोठ्या सिस्टर कापडे गावी राहायला गेल्या आणि गेल्या वर्षी तिथंच वारल्या. आम्ही गेलो तेव्हा ओटीवर बाया नेहमीचंच बोलत होत्या, की फार मायाळू होत्या, कधी कोणाला वाकडा शब्द बोलल्या नाहीत. माणूस मेला की लोकांच्या जिभेला हाड राहत नाही.

"मायाळू नव्हत्या," पाचाडची सिस्टर एकदम ओरडली. "खोटं नका बोलू त्यांच्याबद्दल."

तिला पुढं बरंच सांगायचं असावं.

"माझी ड्युटी केली त्यांनी," एवढंच ती म्हणाली.