दगडाच्या खालचे पाणी

कार्तिक वद्य तृतीया, सकाळी सात. देवाच्या डोहात मासेमारीला बारमाही बंदी आहे. आम्ही रोज चुरमुरे टाकतो, म्हणून तिथले मासे माणसाच्या हातापर्यंत येतात. डोहाची हद्द दाखवणाऱ्या दगडाच्या खालच्या अंगाला, वाहत्या पाण्यात मात्र पावसाळा सरला की गळ टाकायची मुभा असते. तिथे एक हौशी गृहस्थ पाण्यावर चुरमुरे पसरत होते. एक मोठा मासा सरळ त्यांच्या हाताशी आला. त्यांनी तो हातानेच उचलून टोपलीत टाकला; गळाची गरजच पडली नाही.

“हा डोहातला मासा आहे,” मी म्हणालो.

“असेल. पण दगड त्याने ओलांडला, आजोबा, मी नाही.”

नियम कोणीच मोडला नव्हता. माणसावर विश्वास ठेवायला त्या माशाला आम्हीच शिकवले होते.

माझी चुरमुऱ्यांची पुडी मी न सोडता घरी आणली आणि डब्यात ओतली.