आंबट आंब्याची काडी

विहिरीजवळचा, सासूबाईंनी लावलेला आंबा आतून पोकळ झाला. लेक म्हणाला, "पाडून ऊस लावू." आमच्या घरचं लोणचं त्याच कैऱ्यांचं. मी निरवांगीहून कलम बांधणारा बोलावला. नाव विचारायचं राहिलं. त्यानं चपला काढल्या, झाडाचं एक पान चावलं.

"लई आंबट हाय, आजी. सगळी केशर मागत्यात."

"मला हाच पाहिजे."

"झाड जगायचं न्हाय. काडी जगंल."

"मग माझीबी एक काडी बांध."

"नगं, सूनबाई मला कोयत्यानं हाणतील."

कोवळ्या रोपावर त्यानं काडी बांधली आणि बाळाला टोपडं घालावं तशी वरून पिशवी चढवली.

जुना आंबा गेला. यंदा कलमाला कैऱ्या आल्या. सुनेनं फोड चाखली, तोंड वाकडं केलं. "आत्याबाई, दात आंबले!"

मी बरणी धुवायला घेतली.