सातव्या पट्टीचा बोळा

दुपारचे अडीच. विश्रामगृहातल्या खाटेवर हर्षदा जरा पाठ टेकते. चार वाजता साहेबांसमोर अहवालावर सही करायची आहे. ती झाली की उद्यापासून खाडीपुलावरून एसटी पुन्हा सुरू. पुलाच्या लोखंडी तुळईला तिने नखाएवढ्या आठ पट्ट्या चिकटवल्या आहेत. लोखंड ताणलं गेलं की पट्टीही ताणली जाते, आकडा बदलतो. आठही आकडे ठीक आहेत. सातवा तर फारच छान. पंखा किरकिरतो, डोळे जड होतात, आणि ती किरकिर कुणी पॉलिश पेपर घासल्यासारखी वाटू लागते.

घासताहेत घोडकेमामा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले, गेल्या दिवाळीत वारलेले. तोच खाकी शर्ट, कानावर तीच पेन्सिल.

"या मॅडम. गेलो तरी तुमचं घासकाम सुटत नाही."

"मामा, तुम्ही इथे कसे?"

"तुम्हीच आलात की."

खरंच, हे प्रयोगशाळेचं टेबल आहे. फक्त त्याखालून खाडीचं पाणी वाहतंय, आणि बेसिनच्या जागी पुलाची तुळई आहे, आठही पट्ट्यांसकट.

"पुड्या बघू," मामा म्हणतात.

हा त्यांचाच नियम. पट्टी लावण्याआधी रंग, गंज खरवडायचा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने धातू पुसायचा, बोळा पांढरा निघेपर्यंत पुसतच राहायचा. शेवटचा बोळा पुडीत ठेवून वर नंबर घालायचा. हर्षदा पिशवीतून एकेक पुडी काढून उघडते. पहिली पांढरी, दुसरी पांढरी. सहावीही. मग ती आठवी काढते.

"सात कुठाय?"

तिचा हात पिशवीतच राहतो. "भरती चढत होती, मामा. होडीवाला सारखा हाका मारत होता."

"मारणारच. त्याला जेवायला जायचं असतं." आवाजात राग नाही. ते तुळईवर तिच्याशेजारी बसतात, पाय पाण्यात सोडून. "मीही एकदा असंच केलंय. पट्टी ज्याला चिकटवू त्याचंच सांगते. रंगाला चिकटवली तर रंगाचं. खाली गंज लोखंड खातोय, हे तिला कुठून कळणार?"

"सगळे म्हणतील, हिला साधी पट्टी लावता येत नाही. माझं पहिलंच काम आहे."

"म्हणू देत. माझे पहिले साहेब मला अजून म्हणतात. इथेच असतात, शेजारी."

तिला हसू येतं. पाणी घोट्यापर्यंत चढलंय, पण गार लागत नाही.

"मूठ उघडा," मामा हळूच म्हणतात.

हर्षदा जागी होते. तीन वाजून दहा मिनिटं. पिशवी खिळ्याला तशीच टांगलेली, चेन लावलेली. आणि मुठीत सात नंबरची पुडी. बोळ्यावर तांबूस डाग, त्यात रंगाचा करडा पापुद्रा.

ती फोन लावते. "साहेब, आज सही नको. सातवी पट्टी पुन्हा लावायची आहे. मी नीट लावली नव्हती."

"अहो, तिचाच आकडा तर उत्तम आहे."

"तो रंगाचा आकडा आहे, साहेब. लोखंडाचा नाही."

पलीकडे फाईल मिटल्याचा आवाज येतो.

"उद्या ओहोटी किती वाजता आहे?" साहेब विचारतात.