उलट्या तोंडाची सीट

माईकमावशी रस्ता चुकली असं कुणी म्हणालं असतं, तर सहल-कंपनीच्या ऑफिसातला झाडूवालासुद्धा हसला असता. सत्तावीस वर्षं एकच सहल केली बाईनं. दोन घाट, तीन तलाव, एक लांबलचक दरी. पाच दिवस आणि चार मुक्काम. कुठल्या वळणावर कोण उलटीसाठी पिशवी मागणार, हे ती निघतानाच चेहऱ्यावरून ओळखायची. आणि तीच बाई त्या सोमवारी बसच्या सहाव्या रांगेत खिडकीशी बसून टकामका बाहेर बघत होती. आपण नेमक्या कुठे आहोत, हे तिला काही केल्या कळत नव्हतं.

नाव प्रवाशांनी ठेवलेलं. जेवतानासुद्धा माईक मांडीवर असायचा, म्हणून माईकमावशी. तिचा नवरा त्याच बसचा ड्रायव्हर. बसमध्ये ती त्याला ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणायची आणि तो तिला ‘मॅडम’. बोलता बोलता ती मध्येच माईकवर म्हणायची, ‘थँक यू, ड्रायव्हरसाहेब,’ आणि पुढचं ठिकाण सांगायला लागायची. प्रवाशांना वाटायचं, बाई फारच सभ्य आहे. शेवटच्या दिवशी कुणीतरी चाचरत विचारायचं, ‘तुमचं दोघांचं काही आहे का हो?’ ती लगेच माईकवर जाहीर करायची, ‘आहे ना! एक मुलगी आहे आणि दोन खोल्यांचं घर आहे.’ अख्खी बस हसायची. ड्रायव्हरसाहेब तेवढे हसायचे नाहीत, त्यांना घाट उतरायचा असायचा.

चार वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी स्टिअरिंग सोडलं. त्याच दिवशी तिनं माईक खाली ठेवला. दुसऱ्याच्या बसमध्ये मी नाही उभी राहणार, म्हणाली. मग तीन वर्षं दोघं घरात. गेल्या वर्षी ते गेले.

आणि तिथून काहीतरी बिनसलं. दूध तीनदा करपलं. एकदा तर पातेलं असं काळंकुट्ट झालं की शेजारीण धूर बघून पळत आली. लेकीकडे जायला निघाली ती दोन स्टॉप पुढे जाऊन उतरली. सकाळची गोळी घेतली की नाही, यावरून रोज स्वतःशीच वाद. लेक शाळेत गणित शिकवते, चूक दिसली की तिचा हात शिवशिवतो. तिनं सरळच सांगितलं, “आई, ते घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला चल.”

“का? मला काय धाड भरलीय?” मावशी उसळून म्हणाली.

म्हणाली खरी, पण भीती तिलाही होतीच. मावशीची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. जिनं तिला न्हाऊ-माखू घातलं त्या पोटच्या पोरीलाच एक दिवस विचारलं, ‘तुम्ही कोण हो बाई?’ ते वाक्य मावशीच्या कानातून गेलेलं नव्हतं. तिचं ते दोन खोल्यांचं घर, ती स्वयंपाकघराची खिडकी, ते सगळं सोडून लेकीच्या हॉलमधल्या दिवाणावर जायचं, आणि एक दिवस तिलाच विचारायचं ‘तुम्ही कोण?’ देवा, नको रे बाबा!

शेवटी लेकीनंच तोडगा काढला. “चल, तुझ्याच सहलीला जाऊ. आपण दोघी, प्रवासी म्हणून. पाच दिवस पुढे काय येतंय ते तू मला सांगायचं. बरोबर सांगितलंस, तर घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्यानं सामान बांधायचं.”

“एवढंच ना?” मावशी म्हणाली. “ती सहल मी झोपेत सांगेन.”

बस नवी होती. गाइड चाळिशीतला एक गोलमटोल, मवाळ माणूस. कानाला माईक लावून तो ड्रायव्हरशेजारी पट्टा बांधून बसला होता. हल्ली चालत्या बसमध्ये गाइडनं उभं राहायचं नाही, असा नियम आहे म्हणे.

“बसून कसली गाइडगिरी?” मावशी लेकीच्या कानात पुटपुटली. “हा काय रेडिओ आहे?”

पहिला घाट लागला. मावशी सरसावून बसली. “आता पहिला तलाव. बघ हं, डावीकडे.” आणि हात उजवीकडे केला.

लेकीनं हाताकडे बघितलं, मग आईकडे. तलाव कुठेच नव्हता. समोरून एक भलामोठा राखाडी डोंगर अंगावर येत होता, आणि मावशीनं तो जन्मात पाहिलेला नव्हता.

“हा इथे कधी आला?” ती हबकून म्हणाली.

“आई, डोंगर येत-जात नाहीत.”

तलाव आला तो वीस मिनिटांनी, डावीकडेच. पुढे ती म्हणाली लाकडी पूल, तर आलं गाव. म्हणाली गाव, तर बोगदा. बरं, एकही गोष्ट ओळखीची दिसेना. झाडं, कडे, वळणं, सगळी परकी तोंडं करून समोर येत होती आणि नीट बघेपर्यंत मागे पळत होती. मान वळवून बघावं तर सीटांच्या पाठी ही उंच. लेक एक अक्षर बोलत नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. चहाला बस थांबली, सगळे परत चढले, आणि मावशीच्या डोळ्यांनी सवयीनं डोकी मोजली. एकतीस. माणसं तर बत्तीस!

“थांबा! एक माणूस राहिलंय!” ती जागेवरून ओरडली.

गाइड बिचारा पट्टा सोडून खाली उतरला. ड्रायव्हरही उतरला. बाथरूम पाहिलं, दुकानामागे पाहिलं, हाका मारल्या. मावशी दारात उभी राहून पुन्हा पुन्हा मोजत होती. एकतीस. एकतीस. पाव तास गेला. मग लेक हळूच म्हणाली, “आई, तू स्वतःला मोजलंस का?”

अख्खी बस हसली. गाइडच्या मोजणीत गाइड नसतो, हे त्या हसणाऱ्यांना कुठून कळणार? पण मावशीला तरी त्या क्षणी कुठे सुचलं? ती जागेवर येऊन बसली आणि खिडकीकडे तोंड करून राहिली. लेकीनं तिच्या हातावर हात ठेवला, आणि मावशीला वाटलं, झालं, संपलं आपलं घर.

“नक्की ठरलं का गं?” तिनं खिडकीकडेच बघत विचारलं. “दिवाण खिडकीजवळ ठेवशील ना माझा?”

“अजून तीन दिवस आहेत,” लेक म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मोठ्या तलावात नावेची फेरी. नावेत समोरासमोर दोन बाकं होती. लेक आणि आणखी दोघी पुढे तोंड करून बसल्या. मावशी सगळ्यांत शेवटी आली, म्हणून तिला मिळालं समोरचं बाक, नाव जाते तिकडे पाठ करून बसायचं. आता कुठेही बसवा, म्हणत ती टेकली.

नाव निघाली. काठ मागे सरायला लागला. दगडी धक्का लहान झाला, त्यामागचं हॉटेल लहान झालं, आणि हॉटेलामागून दोन शिखरं वर आली, एक उंच आणि एक ठेंगणं.

“त्या ठेंगण्याच्या खांद्याकडे लक्ष ठेवा मंडळी,” मावशीच्या तोंडून आपसूक निघालं. “आता तिथून धबधबा निघेल. या दिवसांत दोरीएवढा असतो. आणि धबधबा दिसला की त्याच्या खाली लाल छपराचं घर. त्या घरातल्या म्हातारीनं बेचाळीस मांजरं पाळली होती आणि नवऱ्याला मात्र हाकलून दिलं होतं!”

बाकावरच्या बायका खळखळून हसल्या आणि मागे वळून बघायला लागल्या. धबधबा आला. घर आलं. मग मावशी थांबलीच नाही. कुठल्या कड्यावरून आवाज परत येतो, कुठल्या गावाचं अर्धं शेत पाण्याखाली गेलं, सगळं धडाधड. नाववाल्यानंसुद्धा कान टवकारले. लेक आ वासून आईकडे बघत होती.

नाव पलीकडच्या काठाला लागली. मावशी उठली, वळली, काठ बघितला, आणि पुन्हा सगळं कोरं. ती तशीच उभी राहिली. मग सावकाश काठाकडे पाठ केली. पाण्याकडे पाहिलं. पुन्हा काठाकडे वळली.

“आई, काय करतेयस? चक्कर येतेय का?”

“अगं, थांब जरा,” मावशी गोंधळून म्हणाली. “मी... मी हे सगळं येताना कधी बघितलंच नाही गं! सत्तावीस वर्षं मी उलटी उभी होते. तोंड प्रवाशांकडे, पाठ रस्त्याकडे. मी बघितलं ते सगळं मागे पडताना. म्हणून तर हात उजवीकडे जातो, तुमचं डावं ते माझं उजवं!”

लेकीच्या डोक्यात हे शिरायला थोडा वेळ लागला. गणितवाली ती, तिला पुरावा हवा. पुरावा बसमध्येच होता. मधल्या टेबलाशी दोन सीटा उलट्या तोंडाच्या होत्या, आणि तिथे बसलेले एक निवृत्त पोस्टमास्तर तीन दिवस पिशवी हातात धरून होते. मावशीनं जागा बदलून मागितली, तेव्हा ते तिच्या पायाच पडायचे बाकी राहिले. लेक समोर बसली.

चौथा दिवस दरीचा. आणि काय सांगावं! लाकडी पूल, मेंढपाळांची घरं, वीज पडून दुभंगलेलं झाड, मावशी एकेक घडाघडा सांगत सुटली. एकही चूक नाही. लेक खिडकीतून बघत होती आणि मान डोलावत होती. पण तासाभरानं तिच्या कपाळावर आठी आली.

“आई, सगळं बरोबर आहे. पण तू प्रत्येक गोष्ट ती गेल्यावर सांगतेस.”

“म्हणजे?”

“पूल आपण ओलांडला, मग तू म्हणालीस पूल. माणसांना आधी नको का कळायला? तेव्हा आधी कसं सांगायचीस?”

खरंच की. पाठ रस्त्याकडे. पुढचं दिसत नाही. मग कसं सांगायची ती? लोक तर माना वळवून वाट बघत असायचे, आणि मग तलाव यायचा. कसं कळायचं तिला? हे कसं आठवत नाही? हेच विसरले की काय मी?

तेवढ्यात एक अरुंद वळण आलं. समोरून कुणीतरी येत असावं. ड्रायव्हरनं हलकेच दोनदा हॉर्न वाजवला. पीं, पीं.

“थँक यू, ड्रायव्हरसाहेब,” मावशी ताडकन म्हणाली. “मंडळी, आता दरी उघडणार!”

आणि दरी उघडली.

बसमध्ये टाळ्या पडल्या. मावशीनं मात्र दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“तुझे बाबा वाजवायचे,” ती लेकीला म्हणाली. “प्रत्येक ठिकाणाआधी. दोनदा, हलकेच. मी कधी शिकवलं नाही, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, मला सगळा रस्ता पाठ आहे. कसला पाठ! अर्धा त्यांच्याकडे होता.”

लेकीनं रुमाल काढून तिच्यापुढे सरकवला.

“आणि घरीसुद्धा,” मावशी म्हणाली, आणि हे तिला बोलता बोलताच कळत गेलं. “खिडकीत बसायचे ना कप घेऊन. दूध वर आलं की कपावर चमचा, टिंग टिंग. गोळीची वेळ झाली, टिंग टिंग. तुझ्याकडे यायचा स्टॉप आला की माझ्या खांद्यावर दोनदा बोट. डोकं नाही गं गेलं माझं. हॉर्न गेलाय.”

लेकीनं टेबलावरून हात पुढे केला आणि आईचे हात धरले. पोस्टमास्तरांनी सहाव्या रांगेतून दोनदा मान वळवून पाहिलं आणि शहाण्यासारखे गप्प राहिले.

“दूध किती वाजता ठेवतेस गं?” लेकीनं जरा वेळानं विचारलं.

“साडेसहाला. ते काय बदलणार आहे?”

“आणि वर किती वेळात येतं?”

“मला काय माहीत? ते त्यांना माहीत!”

त्यावर रडता रडता दोघींना हसू फुटलं. घराचा विषय लेकीनं काढला नाही. शुक्रवारी परतल्यावर तिनं आईला दारापर्यंत सोडलं, बॅग आत ठेवली, स्वयंपाकघरात उगाच एक चक्कर मारली, गॅसवरचं पातेलं उचलून त्याचा आकार बघितला आणि गेली. मावशी रात्रभर विचार करत राहिली, ही हो म्हणाली की नाही म्हणाली?

शनिवारी सकाळी साडेसहाला मावशीनं दूध ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरचा रस्ता जागा होत होता. एक बस वळून गेली, ती नजरेआड होईपर्यंत मावशी तिच्याकडे बघत राहिली. दूध ती केव्हाच विसरली होती.

फोन वाजला. दोनदा वाजला आणि थांबला.

कोण हे सकाळी सकाळी? तिनं फोन हातात घेतला. लेकीचं नाव. अगं मग ठेवलास कशाला? ती परत लावणार, इतक्यात मागे काहीतरी सरसरलं. तिनं वळून पाहिलं. दूध काठापर्यंत आलं होतं.

मावशी धावली. गॅस बंद केला. दूध जागच्या जागी खाली बसलं, एक थेंबही सांडला नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत.

“थँक यू, ड्रायव्हरसाहेब,” ती म्हणाली, आणि फोन उराशी धरला.