पाटणच्या अलीकडे थांबलेली गाडी

त्या दुपारी पाटणच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या झाडाखाली लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. ती कळा सोसत होती आणि माझ्या मनात येत होतं, इतकी वर्षं दर पौर्णिमेला आपण औदुंबरला जातो, दत्त महाराजांच्या पादुकांपुढे डोकं टेकतो, पण आपलं ऐकणारं तिथं कुणी आहे तरी का? असा विचार त्याआधी कधी मनाला शिवला नव्हता.

आम्ही सांगलीकडचे, कृष्णाकाठच्या एका गावातले. माझे यजमान सैन्यात ड्रायव्हर होते. बर्फातल्या रस्त्यांवर ट्रक चालवून निवृत्त झाले आणि घरी आल्यावर हौसेनं नवी गाडी घेतली. जावई कोयनानगरला नोकरीला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं, तेव्हा वळणावळणाचा रस्ता म्हणून ह्यांनी आदल्याच दिवशी सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन गाडीचं ऑइल बदलून आणलं. गाडी वॉरंटीत होती. बाहेरच्या कुणाला तिला हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

जाताना काहीच झालं नाही. जावयाला रजा नव्हती, म्हणून जेवणं उरकून आम्ही तिघंच परत निघालो. पाटण जवळ आलं असेल, तोच ह्यांच्या समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. त्यांनी गाडी कडेला घेतलीही, पण तेवढ्यात आतून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं, ते कायमचंच. मागे रस्त्यावर ऑइलचा लांबच लांब ओघळ पडला होता. त्या धसक्यानं म्हणा किंवा कशानं, लेकीच्या कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. हे येईल त्या गाडीला हात करत होते आणि गाड्या वेग कमी करून, आमच्याकडे बघून निघून जात होत्या.

मग एक पिकअप आपणहून थांबला. चालवायला एक बाई होती, पदर खोचलेली, माझ्याच वयाची. मागे कोंबड्यांच्या रिकाम्या जाळ्या.

"वास लय हाय, पर बसा," ती म्हणाली. "पोरीला पुढं माझ्यापाशी घ्या. दादा, तुमी मागं चढा."

शंभर प्रश्न विचारत बसली नाही. मुलीला म्हणाली, "डोळं मिटू नगंस बाई, माझ्याशी बोलत ऱ्हा," आणि कराडपर्यंत तिला बोलती ठेवली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं. कळा थांबल्या, बाळाचे ठोके नीट आहेत असं कळलं, तोवर ती बाई दारातच उभी होती. मी बाहेर येऊन तिचं नाव विचारलं. "नाव कशाला? पोरीकडं बघा," म्हणाली आणि गेली. तिचे पाय धरायचं मला सुचलंही नाही.

लेकीला दवाखान्यात ठेवून घेतलं. गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. इंजिन पूर्ण निकामी झालं होतं. दोन-चार दिवसांनी मॅनेजरनं बोलावलं आणि सांगितलं, की वॉरंटीत काही बसत नाही. घाटात गाडी खालून दगडाला लागली असणार, आणि लाल दिवा लागल्यावरही तुम्ही ती तशीच पुढे चालवलीत.

ते ऐकून ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "आवं, उभा जन्म मी गाड्या चालवल्या. पोटुशी लेक मागं बसलेली. लाल दिवा बघून मी गाडी दामटीन व्हय?"

मॅनेजर म्हणाला, "काका, आम्ही तपासणीच्या रिपोर्टप्रमाणेच जाणार."

खर्चाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्यांना खोटं ठरवलं गेल्याचं होतं. त्यांची जेवणखाणावरची वासना उडाली, रक्तदाब वाढला. पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला ह्यांचा आवाज इतका चढला, की गाड्यांखाली काम करणारी माणसंही थांबून बघू लागली. मला वाटलं, आता इंजिनापायी मी हा माणूस गमावीन. मी मध्ये झाले आणि मॅनेजरला हात जोडून म्हटलं, "साहेब, आमचं सांगून झालं. हे खोटं बोलत नाहीत. माझी लेक आणि तिचं बाळ त्या रस्त्यावरून दवाखान्यात सुखरूप पोचलं, ते दत्त महाराजांनी बघितलं. आता हेही त्यांच्यावर सोडते." एवढं बोलून ह्यांना घेऊन घरी आले. त्यात शहाणपण होतं असं नाही. माझं बळच सरलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत असताना एक चाळिशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. अंगावर सर्व्हिस सेंटरचा गणवेश. गाडीच्या कागदावर पत्ता बघून आला होता. आत ये म्हटलं तरी येईना. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यानं ह्यांच्यापुढे उघडली. त्यात दोन काळ्या रबरी रिंगा होत्या.

"काका, तुमच्या गाडीचं ऑइल मीच बदललं," तो म्हणाला. "जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिल्याली. मी न बघता तिच्यावर नवा फिल्टर बसवला. दोन रिंगा एकावर एक आल्या, त्यातली एक सरकली आन् ऑइल निघून गेलं. गाडी परत आल्यावर मला दिसलं, पर भ्यालो. काल काकू बोलल्या, तवा कळलं का गाडीत पोटुशी ताई होती. कालपास्नं घास उतरंना."

ह्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडताना मला दिसत होती. आता हात उगारतात की काय, असं वाटलं. पण त्यांनी एक रिंग उचलून बोटांत फिरवून बघितली.

"नोकरी जाईल, ठावं हाय न्हवं?"

"व्हय."

"तरी आलास?"

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बस हितं. आगं, च्या टाक."

सकाळी ते दोघं मिळूनच सांगलीला गेले. मीही बरोबर होते. मॅनेजरपुढे रिंगा ठेवून त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. मग हे म्हणाले, "गाडीचं काय करायचं ते तुमी ठरवा. पर ह्याला कामावरनं काढू नगासा. एवढं खरं बोलणारा माणूस तुमाला दुसरा गावायचा न्हाई." शेवटी मॅनेजर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, चूक आमची आहे." नवं इंजिन त्यांनी आपल्या खर्चानं बसवून दिलं. त्या माणसाला काही दिवस गाड्या धुण्याच्या कामावर ठेवलं, पण काढलं नाही.

पुढे लेक सुखरूप बाळंत झाली. नात झाली.

पिकअपवाली बाई कोण, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. कराडच्या बाजूला गेलो की मी प्रत्येक पिकअपमध्ये डोकावते. त्या माणसाच्या मनात भीतीपेक्षा खरं मोठं कसं झालं, तेही मला सांगता येणार नाही. मला एवढंच उमगलं, की देवावर सोडणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. आपलं म्हणणं नीट मांडावं आणि मग मूठ उघडावी. मूठ आवळून धरली होती तोवर मला समोर फक्त शत्रू दिसत होते.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही बाळाला औदुंबरला घेऊन गेलो. मी पादुकांपुढे बसले, पण मागायला काही आठवेना. शेजारी हे नातीला दोन्ही हातांवर धरून उभे होते, डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना हातच मोकळा नव्हता. मी माझ्या पदरानं ते पुसलं.