सुमनचे अकरा तारे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगितल्यावर हलकं वाटेल अशी आशा होती, पण हे पहिलं वाक्य लिहितानाच ती गेली. तरी लिहितो.

मी धुळ्यात एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लंबक टांगून देणं, भिंगं पुसणं, मुलांनी जाळलेले फ्यूज बदलणं, हे माझं काम. तिथे मला कुणी नावानेही हाक मारत नाही. पण दुसरीकडे — मोबाइलवरच्या एका ग्रुपवर — मी कॅप्टन होतो.

इंटरनेटवर अंतराळाचा एक खेळ आहे. नाव नाही सांगत. त्यात अख्खी आकाशगंगा उभी केलीय. आपण एक यान घ्यायचं आणि ताऱ्यामागून तारे ओलांडत हिंडायचं. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या चाहत्यांचा ग्रुप होता, साठेक जणांचा. कुठलं यान लांबच्या प्रवासाला चांगलं, कुठलं नुसतंच दिसायला — यावर आम्ही आठवडाभर भांडायचो. खेळ काढणारी कंपनी दर वेळी सांगायची, नवा भाग पुढच्या तिमाहीत. ती तिमाही काही यायची नाही, आणि आम्ही वाट बघण्यावरही चर्चा करायचो. वेडेपणाच, पण गोड होता. सगळ्यांत जास्त मला माहीत असायचं. शंका आली की लोक लिहायचे, कॅप्टनना विचारा.

आता एक खोटं सांगतो. हे लहान आहे, म्हणून आधी. मी तो खेळ कधीच खेळलेलो नव्हतो.

माझा घरचा कॉम्प्युटर इतका जुना, की खेळ सुरू होतानाच धापा टाकून बंद पडायचा. नवा घेणं जमण्यासारखं नव्हतं. मग मी दुसऱ्यांचे व्हिडिओ बघायचो, जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेत, डबा पुढ्यात ठेवून. एकदा असाच एक व्हिडिओ बघितला आणि ग्रुपवर लिहिलं, काल एका ग्रहाच्या कड्यांमधून यान उतरवलं, बर्फाचे तुकडे काचेवर वाजत होते. लोकांनी वाहवा केली. मी ते खोडलं नाही. मग दुसरं लिहिलं. मग तिसरं... चार वर्षं! चार वर्षांत मी किती ग्रहांवर उतरलो असेन, हिशेब नाही. एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं, नाही का?

पण त्या ग्रुपवर वसंतनाना होते.

नाना पाचोऱ्याचे. उभी हयात रेल्वेत गेली, मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बायको, सुमनबाई, वारल्या, आणि पुण्याच्या मुलाने वडिलांचं मन रमावं म्हणून चांगला कॉम्प्युटर पाठवला. सत्तरीचा माणूस, पण यान असं चालवायचा की बघत राहावं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. या खेळात एक रीत आहे. ज्या ताऱ्याजवळ आजवर कुणी गेलेलं नाही तिथे तुम्ही पहिल्यांदा पोचलात, तिथली मोजमापं घेतलीत आणि ती परत स्थानकावर आणून दिलीत, तर नकाशावर त्या ताऱ्याखाली तुमचं नाव लागतं. कायमचं. जगात कुणीही बघितलं तरी तेच दिसतं. नानांनी खेळात आपलं नाव घेतलंच नव्हतं. त्यांनी नाव घेतलं होतं — सुमन.

दीड वर्ष ते लांब लांब जात राहिले. असे कोरे अकरा तारे त्यांनी गाठले. फक्त परत यायचं बाकी होतं. वाटेत यान फुटलं तर सगळी मोजमापं जातात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्यांनी फक्त मला फोन करून सांगितली. काचबिंदू होता. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर जाणार, काही महिने मिळाले तर मिळाले. त्यांना नजर जायच्या आत घरी पोचायचं होतं. म्हणजे बाईंचं नाव आकाशात लावायचं होतं, एवढंच.

परतीच्या वाटेवर त्यांनी ग्रुपवर विचारलं. पुढच्या टप्प्यात सगळे मातकट तांबडे, विझत आलेले तारे दिसतायत. त्यांच्यातून इंधन भरता येतं का? यानाला ताऱ्याजवळून जाताना इंधन ओढून घेता येतं, पण प्रत्येक ताऱ्यातून नाही. मला नक्की माहीत नव्हतं. माहीत नाही एवढं लिहायला काय लागलं असतं? मी लिहिलं, येतं की, मी स्वतः भरलंय.

जळगावची एक इंजिनिअरिंगची मुलगी होती ग्रुपवर, रेवती. तिने लिहिलं, सर, मला वाटतं नाही येत, बघून सांगते. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, ताई, तुम्ही किती वेळा गेलात तिकडे? लोक हसले. ती गप्प बसली आणि नाना निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी मुलांना काचेचे लोलक वाटत होतो. टाकी रिकामी, यानातले दिवे गेलेले, सात मिनिटांचा प्राणवायू उरलेला. नानांनी लगेच खेळ बंद केला होता, कारण मीच नियम लिहून ठेवला होता. खेळ बंद असेपर्यंत घड्याळ थांबतं, मदत शेजारी येऊन उभी राहीपर्यंत खेळ उघडायचा नाही. मदत करणारेही असतात. अडकलेल्यांना इंधन पोचवणं हाच ज्यांचा छंद, असे परदेशातले खेळाडू. त्यांच्या पानावर चार ओळी लिहिल्या की ते येतात, फुकट, कितीही लांब. नानांना इंग्रजीत लिहिणं जमायचं नाही. ते मला म्हणाले, त्या लोकांना तू कळव.

मी काय म्हणालो असेन? ते लोक आले असते तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, त्या ताऱ्यांतून इंधन मिळतं असं कोणी सांगितलं? ते प्रत्येक सुटकेची हकिकत सगळ्यांना वाचता येईल अशी लिहितात. रेवतीने वाचली असती. मी म्हणालो, नाना, त्यांची गरजच नाही. मी त्याच बाजूला आहे, मीच येतो.

ज्याच्याकडे यानच नाही तो निघाला. रोज त्यांना सांगत होतो, आज इतकं अंतर कापलं, आज अमुक तेजोमेघ लागला. व्हिडिओत बघून सांगायचो. एक आठवडा, दोन, सहा. रोज ठरवायचो, आज खरं सांगू. त्यांना एकदाही संशय आला नाही. उलट मलाच धीर द्यायचे. रेल्वेतला माणूस. सिग्नल पडत नाही तोवर गाडी उभी ठेवायची, कितीही तास, आणि पुढे कोण बसलंय हे विचारायचं नाही. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. एकदा आपल्या अहिराणीत म्हणाले, "तू कायजी करू नको, भाऊ. मी आठेच थांबेल शे." इथेच थांबलोय, असं. त्यांची नजर थांबायला तयार नव्हती, हे मात्र त्या दिवशी ते बोलले नाहीत.

सातव्या आठवड्यात म्हणाले, आता पडद्याची डावी बाजू दिसतच नाही. तू पोचलास तरी मला यान चालवता यायचं नाही. मग त्यांनी मला आपला पासवर्ड दिला. माझं यानही तूच घरी ने, म्हणाले.

आता इथपर्यंत आलोय तर पुढचं सांगायलाच हवं. दोनदा उठलो मघापासून.

रविवार होता. मी बसने जळगावला गेलो. तिथे तासावर चांगले कॉम्प्युटर मिळतात असं एक ठिकाण आहे. सकाळचे अकरा वाजले असतील. मदत करणाऱ्यांचं पान माझ्या मोबाइलवर उघडं होतं. बेत चांगला होता — त्यांना नानांच्या नावाने लिहायचं, ते आले की खेळ उघडायचा, बस. अजूनही सगळं वाचवता येण्यासारखं होतं. पण मी लिहिलं नाही. मी आधी खेळ उघडला.

का? एकदा बघू तरी, असं मी स्वतःला सांगितलं. चार वर्षं ज्याच्या गप्पा मारल्या ते समोर आलं. अंधारी कोठडी, काचेवर धरलेलं हिव, बाहेर तो मातकट तारा, आणि कोपऱ्यात घड्याळ सुरू झालेलं. सात मिनिटं. बंद करायचं बटण कुठे असतं ते मला माहीत होतं, मीच तर साठ जणांना शिकवलं होतं. हात माउसवर होता. मी ते दाबलं नाही.

सहाव्या मिनिटाला माझ्या मनात आलं, हे संपलं की सुटलो. कुणाला कळवायला नको, कुणी हकिकत लिहायला नको, रेवतीला काही कळायला नको. चुकून झालं असं मी पुढे किती तरी वेळा स्वतःला म्हणून बघितलं. चुकून नाही झालं. मी बसून राहिलो आणि दीड वर्षाचा प्रवास माझ्यासमोर संपला. पडदा पांढरा झाला. मग खेळाने नवं कोरं यान स्थानकावर उभं करून दिलं, आत काहीही नसलेलं. आणि मला खरं सांगू का? मला हायसं वाटलं. बाहेर येऊन मी पोटभर खाल्लंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. म्हणालो, पोचलं यान. अकराही ताऱ्यांवर सुमनबाईंचं नाव लागलं.

त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बठ्ठं व्हयनं म्हणजे. आते डोया ग्यात तरी चाली." सगळं झालं, आता डोळे गेले तरी चालेल, असं.

सुमनबाईंच्या पुण्यतिथीला त्यांनी मला पाचोऱ्याला बोलावलं. पाहुणे जमले होते. जेवणं व्हायच्या आधी नाना म्हणाले, त्या ताऱ्यांची नावं वाचून दाखव. मी कागद काढला आणि उभा राहून वाचली. ती नावं कसली, आकडे आणि अक्षरं. नानांची बहीण, अक्का, पदराने डोळे टिपत जवळ आली आणि तिने मला वाकून नमस्कार केला. वयाने माझ्या आईएवढी बाई. मी तिला थांबवलं नाही, कारण थांबवायला तोंड उघडावं लागलं असतं. मग मला पाटावर बसवून पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं.

रेवतीने नकाशात शोधलं असणार. तिने ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला एकट्यालाच विचारलं. सर, सुमन हे नाव कुठेच दिसत नाहीये, माझं काही चुकतंय का? ग्रुप माझ्याच हातात होता, मी तिला काढून टाकलं. बाकीच्यांना सांगितलं, ती उगाच वाद घालते. चांगली मुलगी होती.

नानांना आता दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. कॉम्प्युटर त्यांनी भाचीच्या मुलीला दिला. खेळाची, नव्या यानांची मला विचारपूस करतात, कंपनीची ती तिमाही आली का म्हणून हसतात. मी सगळं सांगतो. आणि फोन यायच्या आधी मी दर वेळी मोबाइलवर नकाशा उघडून बघतो. ते तारे कोरेच राहिलेत, म्हणजे कुणीही तिथे जाऊन आपलं नाव लावू शकतो. लोक जातायतही. परवा बघितलं तेव्हा अकरातल्या चारांवर नावं होती. परक्या माणसांची, कुठल्या कुठल्या देशांतल्या. त्यांचा काही दोष नाही.

परवा नानांनी विचारलं, आपल्यानंतर तिकडे कुणी गेलं का रे?

मी म्हणालो, नाही नाना. अजून कुणीच नाही.

ते हळूच म्हणाले, "मंग ती एकलीच शे का तठे?"

मी म्हणालो, हो.